पाच वितींचा बाक आणि तीन खुर्च्या

एका जंगलात रस्ते झाले होते. रस्ते झाले म्हणून गाड्या आल्या, आणि गाड्या आल्या म्हणून सगळ्यांना घाई झाली. बाकी ते जंगलच होतं. झाडं होती, ओढा होता, आणि राजा वाघ होता.

मुलांनो, गाड्या कशावर चालायच्या, असं मध्येच विचारू नका. करंजाच्या तेलावर चालायच्या. झालं समाधान? मग नीट मांडी घालून बसा.

वाघमहाराजांना एक बछडा होता. त्याला युवराज म्हणायचं. एकदा युवराज गाडीच्या मागच्या बाकावर उभे राहून स्वतःच्या शेपटीशी खेळत होते. रस्त्यात ससा आडवा आला. गाडी चालवणाऱ्या अस्वलाने ब्रेक दाबला. युवराज उडाले ते थेट पुढच्या काचेवर. त्यांचा दुधाचा एक दात पडला.

तो दात त्या आठवड्यात पडणारच होता. पण हे महाराजांना कोण सांगणार?

दुसऱ्या दिवशी दवंडी पिटली गेली. 'यापुढे प्रत्येक पिल्लू गाडीत मागच्या बाकावर, स्वतःच्या खुर्चीत बसेल. खुर्ची बाकाला बांधलेली असेल आणि पिल्लू खुर्चीला बांधलेलं असेल. नाहीतर गाडी नाक्यावरून परत पाठवली जाईल.'

हुकूम चांगला होता. खोटं कशाला बोलू? राजे लोक अधूनमधून चांगले हुकूमही काढतात. पण हुकूम निघाला की त्याच्या मागोमाग बाकीचे निघतात. आपली गोष्ट त्यांचीच आहे.

खुर्च्या बनवायचं काम कोकिळाबाईंना मिळालं. कोकिळाबाई त्या जंगलातल्या नामवंत बालसंगोपनतज्ज्ञ होत्या. त्यांनी स्वतः एकही पिल्लू वाढवलं नव्हतं, त्यामुळे त्यांचं मत निःपक्षपाती समजलं जाई. त्यांची मुलं कावळ्यांकडे होती आणि चांगली खाऊनपिऊन होती, असं ऐकिवात होतं.

कोकिळाबाईंनी युवराजांचं माप घेतलं. युवराज पडले वाघाचे, खांद्याला रुंद आणि पायांशी निमुळते. म्हणून खुर्चीही तशीच झाली. खांद्याशी दोन विती रुंद आणि पायाशी एक वीत. तीच खुर्ची सगळ्या जंगलासाठी ठरली. सशाला तीच, कासवाला तीच, चिचुंद्रीला तीच. चिचुंद्रीचं पिल्लू तर खुर्चीत सापडेना, तेव्हा त्याच्या गळ्यात घंटा बांधण्यात आली.

आता आपण हौसा सायाळीकडे वळू.

हौसा आणि तिचा नवरा केरबा साळिंदर ओढ्याकाठच्या बिळात राहायचे. त्यांना तीन मुलं. थोरला बाभळ्या, मधली बोरी आणि धाकटं करवंद. करवंद आठ महिन्यांचं होतं. त्याला अजून बोलता येत नव्हतं, पण ओरडता फार छान येत होतं.

त्यांच्याकडे एक छोटी गाडी होती. गाडी जुनी असली तरी आज्ञाधारक होती. तिचा मागचा बाक पाच विती रुंद होता. वीत म्हणजे हौसाची वीत, तुमची नाही. उगाच हात पसरून बघू नका.

हौसाला त्या गाडीतून खाऱ्या कातळाला जायचं होतं. हा कातळ घाटापलीकडे होता. सायाळीच्या पिल्लांनी सात वर्षांची होईपर्यंत दरवर्षी तो चाटायचा असतो. त्याने काटे टणक होतात. एखाद्या वर्षी चुकलं, तर त्या वर्षीचे काटे जन्मभर मऊ राहतात, आणि मऊ काट्यांच्या सायाळीला कोल्हा अजिबात भीत नाही.

कातळाची वाट वर्षातून आठच दिवस उघडी असे, आणि एका कुटुंबाला एकदाच आत सोडत. आज एकाला आणलं, उद्या दुसऱ्याला आणतो, असं चालत नसे. का चालत नसे, हे कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून तो नियम कुणी मोडतही नसे.

हौसाने तीन खुर्च्या आणल्या. बाकावर एक ठेवली. बसली. दुसरी ठेवली. बसली. तिसरी हातात धरून ती दारात उभी राहिली.

"मध्ये सरकव," केरबा म्हणाला.

"मध्ये एक वीत आहे. खुर्ची दोन वितींची आहे."

"जोर लाव, बसेल."

"अहो, जोराने वीत वाढते का?"

केरबा म्हणाला, "तू बाजूला हो." त्याने खुर्ची मध्ये ठेवली आणि पाठीने तिला रेटा दिला. खुर्ची बसली नाही. केरबाचे सतरा काटे मात्र गादीत बसले. हौसाने ते एकेक करून उपटले. प्रत्येक काट्याला केरबा 'आई गं' म्हणाला आणि प्रत्येक 'आई गं'ला मुलं टाळ्या वाजवत होती.

मग त्यांनी खुर्च्या आडव्या लावून पाहिल्या. तिरक्या लावून पाहिल्या. एकीवर दुसरीही ठेवून पाहिली. त्यात बाभळ्या वर बसला आणि त्याचं डोकं छपराला लागलं.

"मला इथून सगळं जंगल दिसतंय," तो म्हणाला.

"खाली उतर," हौसा म्हणाली.

शेवटी केरबा झाडाखाली टेकला. "असं करू," तो म्हणाला, "बोरीला यंदा राहू दे मागे. मोठा समजूतदार आहे, वाटेत त्रास देणार नाही, आणि धाकट्याला नेलंच पाहिजे. मधली राहील मावशीकडे. एकच तर वर्ष!"

हौसाने खुर्ची खाली ठेवली. ती त्याच्याजवळ गेली आणि डावी कूस त्याच्याकडे करून उभी राहिली.

"हात लावा," ती म्हणाली.

केरबाने हात लावला. सात वर्षांच्या संसारात त्याने तिथे कधी हात लावला नव्हता, कारण हौसा नेहमी डावी बाजू भिंतीकडे करून बसायची. तिथले काटे गवतासारखे वाकत होते.

"मीही घरात मधलीच होते," हौसा म्हणाली. "तेव्हा गाडी नव्हती, पाठंगुळी न्यायचे. आईची एक पाठ, बाबांची एक पाठ. तेही एकच वर्ष होतं."

केरबाने हात काढून घेतला. तो म्हणाला, "बरं, मग मांडीवर घेऊ एकाला."

"आणि ब्रेक लागला तर? युवराजांचा दात गेला. आपलं करवंद तर सगळंच दाताएवढं आहे."

म्हणजे तिघांना न्यायचं, तिघांना बांधायचं, आणि बाक पाचच वितींचा. हौसाने डोक्याला फडकं बांधलं आणि ती सल्ला घ्यायला निघाली. मुलांनो, सल्ला ही वस्तू त्या जंगलात कुठेही मिळायची.

आधी ती कोकिळाबाईंकडे गेली. कोकिळाबाई आंब्याच्या सगळ्यात वरच्या फांदीवर होत्या. हौसाने खालून ओरडून सगळं सांगितलं.

"तीन मुलं?" वरून आवाज आला. "एकाच घरात?"

"हो बाई. माझीच आहेत."

"ती ठेवलीत कशाला सगळी स्वतःकडे? वाटून द्यायची होती."

"बाई, खुर्ची जरा अरुंद करून मिळेल का?"

"खुर्ची शास्त्रीय आहे. बाक चुकीचा आहे. पुढच्याला पाठवा."

हौसाच्या मागे कुणीच नव्हतं. तरी ती बाजूला झाली.

मग ती रानडुक्करशेठकडे गेली. शेठ मोठ्या गाड्या विकायचा. त्याने हौसाला बघताच एक गाडी पुसायला घेतली. गाडी एवढी लांब होती की पुढचं टोक उन्हात आणि मागचं टोक सावलीत होतं.

"वहिनी, नऊ खुर्च्या बसतात मागे. नऊ!"

"मला तीनच पाहिजेत."

"उरलेल्या सहांचं पुढेमागे बघता येईल की! देवाची कृपा झाली तर..."

"ही घाटात वळते का?"

शेठने फडकं दुसऱ्या हातात घेतलं. "सरळ रस्त्याला हिच्यासारखी गाडी नाही," तो म्हणाला.

"घाट सरळ नाहीये, भाऊ."

"ते घाटाचं चुकलंच," शेठ म्हणाला.

तिसऱ्या दिवशी ती कचेरीत गेली. तिथे रानगवा साहेब होते. साहेब फार दयाळू होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दोनदा मान हलवली आणि खणातून एक अर्ज काढला.

"सोपं आहे," ते म्हणाले. "पिल्लाला खुर्ची लागते. मोठ्याला लागत नाही. तुमच्या थोरल्याला आपण प्रौढ करून टाकू."

"साहेब, तो सहा वर्षांचा आहे."

"म्हणून तर दाखला लागतो. साठ वर्षांच्याला कोण कशाला दाखला देईल?" साहेबांनी दौतीत शिंग बुडवलं. "एकदा दाखला मिळाला की तो सुटा बसला तरी चालेल. अर्थात मग त्याला कामधंदा करावा लागेल, पंचायतीत मत द्यावं लागेल, आणि सरकारी कामाला हजर राहावं लागेल."

"सुटा बसला आणि पडला तर?"

"प्रौढ माणूस पडला तर ती त्याची जबाबदारी."

हौसा विचारात पडली. खरं सांगायचं तर क्षणभर तिला मोह झाला. मग तिने विचारलं, "दाखला कधी मिळेल?"

"साधारण बारा वर्षांनी," साहेब म्हणाले.

हौसा अर्ज घेऊन घरी आली. करवंदाने तो खाल्ला.

तोपर्यंत आठांपैकी पाच दिवस गेले होते. सहाव्या दिवशी दुपारी सगळे बिळात झोपले होते. सायाळी दुपारीच झोपतात. त्यांच्या घरी भर उन्हात अंथरुणं पडतात. हौसाला झोप येत नव्हती. ती मुलांकडे बघत बसली होती.

बीळ अरुंद होतं. एका कडेला बाभळ्या पसरला होता, दुसऱ्या कडेला बोरी. दोघांची डोकी भिंतीकडे. मध्ये करवंदाला निजवलं होतं, त्यांच्यासारखंच. पण सायाळीच्या पोराला खांद्याला खांदा लावून झोपता येतं का? करवंदाला इकडून टोचलं, तिकडून टोचलं. ते कुरकुरलं, वळवळलं, गरगर फिरलं, आणि शेवटी पाय भिंतीकडे आणि डोकं उंबऱ्याकडे करून गाढ झोपलं. आता त्याचे खांदे दोघांच्या पायांपाशी आले होते. तिघंही ऐसपैस झाले.

हौसा उठून उभी राहिली. तिने भिंतीकडून मोजायला सुरुवात केली. बाभळ्याचे खांदे, करवंदाचे पाय, बोरीचे खांदे. मग तिने हळूच बोटांवर मोजलं. दोन, एक, दोन.

"अहो, उठा," ती म्हणाली.

"आग लागली का?" केरबाने डोळे न उघडता विचारलं.

"नाही. मधली खुर्ची उलटी लावायचीय."

ते दोघे भर उन्हात बाहेर गेले. कडेच्या दोन खुर्च्या तोंड पुढे करून ठेवल्या. मधली मागे तोंड करून ठेवली, म्हणजे तिचा अरुंद भाग बाकाच्या पाठीशी गेला आणि रुंद भाग पुढे आला, जिथे शेजारच्या दोघी निमुळत्या होत्या. हौसाने हलकेच दाबलं. तिन्ही खुर्च्या एकमेकींत अशा बसल्या की मध्ये काटा घालायलाही जागा राहिली नाही. केरबाने काटा घालून पाहिला. तो तुटला.

दार लावलं. ते लागलं.

केरबा गाडीभोवती एक चक्कर मारून आला. "मी म्हणत होतोच," तो म्हणाला, "जोर लावायचा नाही."

मग पट्टे बांधायची वेळ आली. कड्या दोन खुर्च्यांच्या मध्ये खोल गेल्या होत्या. हौसाने बाभळ्याला आधी बांधलं, तर करवंदाच्या कडीपर्यंत हात जाईना. बोरीला आधी बांधलं, तरी तेच. चार वेळा सगळ्यांना बांधून सोडल्यावर क्रम सापडला. आधी मधलं, मग मुलगी, शेवटी मुलगा.

"आई, करवंद माझ्याकडे बघतंय," बोरीने तक्रार केली.

"बघू दे."

"आई, ते अजूनही बघतंय."

"तू खिडकीबाहेर बघ."

"आई, मला शू लागलीय," बाभळ्या म्हणाला.

हौसाने डोळे मिटले, दहा आकडे मोजले आणि सगळे पट्टे पुन्हा सोडले. मुलांनो, हा प्रसंग सगळ्यांच्या आईच्या आयुष्यात येतो. घरी गेलात की विचारा.

पट्ट्यांच्या खटपटीत सातवा दिवसही गेला, आणि आठव्या दिवशी सकाळी ते निघाले. तोच शेवटचा दिवस होता. सूर्य बुडाला की कातळाची वाट बंद.

घाटाच्या पायथ्याशी नाका होता. नाक्यावर तरस हवालदार होता. त्याला हसायची सवय होती, पण ते हसणं बरं चाललंय म्हणून आहे की वाईट चाललंय म्हणून, हे समोरच्याला कळत नसे. त्याने पुढच्या काचेतून आत पाहिलं आणि तो हसला.

"दोन बरोबर. तिसरं चूक. तोंड कुठे आहे त्याचं?"

"मागे आहे, साहेब. पण बांधलंय. ओढून बघा."

हवालदाराने फलकाकडे बोट केलं. फलकावर हुकूम लिहिला होता आणि खाली युवराजांचं चित्र होतं. युवराज खुर्चीत बसून बघणाऱ्याकडे बघत होते.

"चित्रात तोंड दिसतंय. तुमच्या पोराचं टकुरं दिसतंय."

"वर लिहिलंय त्यात तोंडाचं काहीच नाही. वाचून बघा ना."

"बाई, वाचायचं खातं वेगळं आहे," हवालदार म्हणाला. "आमच्याकडे फक्त चित्र."

केरबा कुजबुजला, "चल, परत जाऊ."

हौसाने फलकाकडे पाहिलं. मग हवालदाराकडे. मग ती गाडीतून उतरली.

"साहेब, तुमचं बरोबर आहे," ती म्हणाली. "फक्त तुम्ही उभे चुकीच्या जागी आहात. जरा मागच्या काचेपाशी या."

हवालदार मागे आला. मागच्या काचेतून करवंदाने त्याच्याकडे पाहिलं आणि बोळकं पसरलं. अगदी चित्रासारखं.

"दिसलं तोंड?"

"दिसलं," हवालदार म्हणाला. मग त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "पण आता बाकीच्या दोघांची टकुरी दिसतायत."

"ती दोघं पुढून पास झालीत ना? तुम्हीच म्हणालात, दोन बरोबर."

"म्हणालो खरा."

"मग दोन पुढून आणि एक मागून. किती झाले?"

हवालदाराने बोटं मोजली. "तीन," तो म्हणाला, आणि आपल्याला गणित आलं याचाच त्याला इतका आनंद झाला की त्याने अडणा वर केला. गाडी पहिल्या वळणाआड जाईपर्यंत तो हसत होता.

हौसा गाडी चालवत होती. केरबा शेजारी बसून तिला गाडी कशी चालवायची ते सांगत होता. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्या वळणावर हौसा वळली आणि समोर भिंत आली.

ती भिंत नव्हती. रानडुक्करशेठची नऊ खुर्च्यांची गाडी होती. ती वळली नव्हती. अर्धी रस्त्यात आणि अर्धी झुडपात, अशी आडवी रुतली होती.

हौसाने सगळं अंग ब्रेकवर टाकलं. गाडी किंचाळली, घसरली, गर्रकन तिरकी झाली आणि हातभर अंतरावर थांबली.  हौसाला मागे वळून बघायचं होतं आणि बघवत नव्हतं.

मग तिने पाहिलं.

बाभळ्या खुर्चीत होता. बोरी खुर्चीत होती. खुर्च्या तसूभरही हलल्या नव्हत्या. करवंदाची तर पाठच खुर्चीला टेकलेली. त्याला फक्त कुणीतरी मागून घट्ट कवेत घेतल्यासारखं झालं. ते झोपलं होतं, ते झोपलेलंच राहिलं.

"आई, पुन्हा कर," बाभळ्या म्हणाला.

हौसा हसायला गेली आणि तिला रडूच आलं. तिने स्टिअरिंगवर डोकं टेकलं.  केरबाचं नाक काचेला लागून वांग्याएवढं झालं होतं. मोठ्यांनी बांधून घ्यावं असं हुकुमात कुठेच नव्हतं.

शेठच्या गाडीतून आरडाओरडा येत होता. हौसा पळत गेली. आत सात खुर्च्या होत्या, पण पिल्लू एकाही खुर्चीत नव्हतं. सातही पिल्लं पुढच्या बाकाखाली ढिगाऱ्यासारखी पडली होती. कुणाला टेंगूळ, कुणाचा ओठ फुटलेला. शेठ आणि शेठाणी त्यांना मोजत होते आणि दर वेळी आकडा वेगळा येत होता.

"बांधली नव्हती?" हौसाने विचारलं.

शेठ रडवेला होऊन म्हणाला, "एवढी जागा होती, वहिनी! वाटलं, नाका तर गेला, आता कशाला बांधून ठेवायची?"

सूर्य कलला होता. केरबाने नाकावर पालापाचोळा धरून हाक मारली, "अगं, वाट बंद होईल!" हौसाने ती ऐकली. ऐकूनही तिने एकेक पिल्लू उचललं, झाडलं, खुर्चीत बसवलं, पट्टा ओढून पाहिला. सातव्याला बांधून ती धावत परत आली. तिची गाडी छोटी होती म्हणून दरडीकडच्या फटीतून पार झाली. आरसा तेवढा गेला.

कातळापाशी पोचले तेव्हा मुंगूस रखवालदार वाटेवर काटेरी झाप ओढत होता.

"थांबा!" हौसा ओरडली. "तिघं आहेत!"

मुंगसाने वर पाहिलं. सूर्याची कड अजून डोंगरावर होती. त्याने झाप थोडा मागे केला.

बाभळ्याने चाटलं आणि अंग शहारलं. बोरीने चाटलं, पुन्हा चाटलं, आणि तिला ओढून बाजूला करावं लागलं. करवंदाला हौसाने कातळाजवळ धरलं. त्याने जीभ लावली. त्याचं सगळं तोंड मध्यभागी गोळा झालं, एक डोळा मिटला, आणि मग त्याने असा टाहो फोडला की पलीकडच्या दरीत दोनदा ऐकू आला. हौसाने त्याला छातीशी धरलं. आयुष्यात तिला कुणाचं रडणं इतकं गोड लागलं नव्हतं.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. तुम्हाला चांगलं वळण लागलं असतं. पण पुढे घडलं ते सांगायलाच हवं.

रानडुक्करशेठ कृतज्ञ होता. त्याने जंगलभर सांगितलं की छोट्या गाडीत तीन खुर्च्या बसतात आणि पिल्लं हलतसुद्धा नाहीत. बातमी महाराजांपर्यंत गेली. महाराज खूश झाले. दरबार भरला.

खुर्च्या कुणाच्या? कोकिळाबाईंच्या. म्हणून कोकिळाबाईंना शाल मिळाली. नाक्यावरून गाडी कुणी सोडली? तरस हवालदाराने. त्याला बढती मिळाली आणि वाचायचं खातंही त्याच्याकडे आलं. कचेरीतून मार्गदर्शन कुणी केलं? रानगवा साहेबांनी. त्यांच्या शिंगांना सोन्याचा मुलामा देण्यात आला. या रचनेला 'कोकिळा रचना' असं नाव पडलं.

हौसाला नोटीस आली.

नोटिशीत लिहिलं होतं की तिने परवाना नसताना कोकिळा रचना केली आहे. तिने तीन दिवसांचं प्रशिक्षण घ्यावं, परीक्षा द्यावी आणि परवाना काढावा. तोपर्यंत खुर्चीला हात लावू नये.

केरबाचं नाक अजून उतरलं नव्हतं. "कोर्टात जाऊ," तो नाकातून म्हणाला.

"कोर्टात घुबड आहे. दिवसा झोपतं, आणि रात्री आपल्याला मुलं सोडून जाता येत नाही," हौसा म्हणाली. ती प्रशिक्षणाला गेली.

वर्गात तीस आया होत्या. प्रत्येकीच्या काखेला, पाठीला, शेपटीला मुलं लोंबत होती. कोकिळाबाई शाल पांघरून आल्या. त्यांनी दोन दिवस इतिहास शिकवला. तिसऱ्या दिवशी प्रात्यक्षिक होतं. त्यांनी बाकावर एक खुर्ची ठेवली, दुसरी ठेवली, आणि तिसरी चोचीत धरून त्या थांबल्या. सगळ्या आया पुढे वाकल्या.

"आता," कोकिळाबाई म्हणाल्या, "ही तुम्ही घरी करून बघा."

हौसाच्या शेजारी एक भेकरी बसली होती. तिला तीन पाडसं होती. तिचे डोळे भरून आले. हौसाने पुढे बघत, ओठ न हलवता म्हटलं, "मधलं उलटं."

भेकरीचे कान टवकारले. तिने ते सांबरीला सांगितलं, सांबरीने वानरीला, वानरीने खारीला. कोकिळाबाईंनी घसा साफ करेपर्यंत ते शेवटच्या रांगेतल्या घोरपडीला कळलं होतं.

मग परीक्षा झाली. एकच प्रश्न होता. 'कोकिळा रचना कोणी शोधली?'

हौसाने बराच वेळ पान समोर धरलं. काय लिहायचं ते तिला माहीत होतं. पण खोटं लिहिताना तिचे काटे उभे राहायचे आणि आजूबाजूच्यांना टोचायचं. शेवटी तिने खरं ते लिहिलं. 'करवंद. वय आठ महिने.'

तीसपैकी एकोणतीस जणी पास झाल्या.

त्यांना परवाने मिळाले. ते लाल दोरीत ओवून त्यांनी गळ्यात घातले. आजही त्या जंगलात प्रवासाच्या दिवसांत सकाळी सकाळी हौसाच्या बिळासमोर गाड्यांची रांग लागते. परवानाधारक आया खाली उतरतात, मुलांना उतरवतात आणि म्हणतात, "हौसाताई, तेवढं बसवून दे ना." हौसा बसवते. आधी मधलं, मग कडेची दोन. पट्टा ओढून बघते. मग ती आई तिथे उभी राहून परवाना हवेत धरते, म्हणजे काम कायदेशीर होतं. शेवटी हौसा स्वतःच्या गाडीत स्वतःच्या मुलांना बसवते, तेव्हा भेकरी आपला परवाना तिच्या डोक्यावर धरून उभी राहते. हात भरून आला तरी खाली घेत नाही.

तात्पर्य : मुलांनो, आयुष्यात डोकं जरूर चालवावं, पण आधी त्याचा परवाना काढावा. एकदा परवाना मिळाला, की मग डोकं चालवायची गरज राहत नाही.